न वाजवलेलं मडकं

इचोडा आणि पंचक्रोशीतील समस्त नागरिकांना, ट्रक ड्रायव्हरांना, ढाब्यावर चहा घेणाऱ्यांना आणि चहा न घेता नुसतंच बसणाऱ्यांना अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येते की, आपल्या गावात चिनी मातीची एक कलावंत बाई राहते. तिची भांडी हैदराबादला काचेच्या कपाटात, दिव्याखाली बसतात. लोक त्यांच्यासमोर हात मागे बांधून उभे राहतात. परंतु याच गावच्या कुंभारगल्लीत तिचं एकही भांडं आजतागायत भांडं म्हणून मंजूर झालेलं नाही. सबब नागरिकांनी बाईशी आदराने वागावं, पण बेतानं.

ती बाई मी. आणि मंजुरी देणारं खातं म्हणजे आमच्या किराणा दुकानामागच्या गल्लीतला एक म्हातारा कुंभार. मी त्यांना मामा म्हणायचे, त्यांच्या बायकोला मामी. नात्याचे ते कोणीच नव्हते, पण आमच्याकडे माणसाला काहीतरी नातं लावल्याशिवाय हाकच मारता येत नाही. मामा गेले त्याला आता दोन उन्हाळे झाले. खातं कायमचं बंद पडलं. माझ्या अर्जाचं काय झालं, ते सांगायला बसले आहे.

मंजुरीची पद्धत साधी होती. आव्यातून भाजून निघालेलं मडकं मामा डाव्या तळहातावर घ्यायचे, कान जवळ न्यायचे, आणि उजव्या हाताचं मधलं बोट वाकवून त्याच्या पोटावर एक टिचकी द्यायचे. डॉक्टर मुलाची छाती ऐकतो ना, तसा चेहरा करून. मडकं ‘टण्ण’ बोललं की मामा म्हणायचे, “पक्कं.” एवढाच शब्द. ‘भद्द’ बोललं की ते बाजूला, कोंबड्यांना पाणी ठेवायला. गिऱ्हाईकसुद्धा वाजवूनच मडकं घ्यायचं. न वाजवता मडकं घेणारा माणूस आमच्या गावात वेडा समजला जातो, किंवा बाहेरगावचा.

फक्त एक मडकं कोणी वाजवत नसे. ते मयताचं. ते घ्यायला आलेला माणूस उंबऱ्याबाहेर उभा राहायचा, कशासाठी आलो ते सांगायचा नाही. त्याच्या चेहऱ्यावरून मामांना कळायचं. ते आतून मडकं आणून जमिनीवर ठेवायचे, हातात द्यायचे नाहीत. माणूस उचलून निघून जायचा. लहानपणी एकदा तो गेल्यावर मी विचारलं, “मामा, तुम्ही वाजवलं नाही. ते गळकं निघालं तर?”

“गळालेच पाह्यजे ते,” मामा म्हणाले. “ज्याले फुटायचंच हाये, त्याले काय इचारायचं पक्कं हायेस का म्हनून?”

मी तेव्हा फ्रॉकमधली, गुडघ्यापर्यंत चिखलात. आईनं मीठ बांधायला बसवलं की मी मागच्या दारानं पसार व्हायचे आणि कुंभारगल्लीत सापडायचे. तिथे मला सगळं करू देत. माती चाळायची, खडे वेचायचे, मामी मडक्याच्या आतून दगडी गोळा धरून बाहेरून चोपणीनं थापटायची तेव्हा शेजारी बसून ताल धरायचा. फक्त चाकाला हात लावायचा नाही. बाईमाणूस चाकावर बसलं की चाक रुसतं, असा त्यांच्यात नेम. मामी आयुष्यभर चाकावर बसली नाही. तिचं यावर एक भाषण होतं, ते ती मामांना ऐकू जाईल अशा बेतानं मला करायची.

“माती म्या तुडवाची, पऱ्हाट्या म्या आनाच्या, आवा म्या रचाचा, राख म्या काढाची. आन कुंभार कोन? त हे!”

एका दुपारी मामा झोपलेले पाहून मी चाकावर बसलेच. काठीनं चाक गरगर फिरवलं आणि मातीचा गोळा हातात धरायला गेले. गोळ्यानं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तो उडाला आणि दोरीवर वाळत घातलेल्या मामांच्या धोतरावर जाऊन बसला. मामा जागे झाले, धोतराकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

“रुसलं चाक,” ते म्हणाले.

“चाकाले का सासर-माहेर हाये रुसाले?” आतून मामी.

पण त्या गोळ्यानं माझं नशीब कुठे नेऊन चिकटवलं बघा. पुढे मी बोथच्या शाळेत चित्रकलेची बाई झाले, सुट्ट्यांमध्ये हैदराबादला जाऊन चिनी मातीचं काम शिकले, आणि एक दिवस विजेचं चाक आणि गॅसची भट्टी टेम्पोत घालून गावी परत आले. वडील गेल्यावर दुकानामागचं गोदाम रिकामं होतं. तिथे माझा संसार मांडला. पहिल्याच दिवशी अख्खी गल्ली बघायला आली. मामा शेवटी आले. चाकाभोवती फिरले, बटण दाबायला लावलं, आवाज ऐकला.

“हे चाक नाई,” त्यांनी निकाल दिला. “मिक्सर हाये. यात चटनी वाट.”

“आणि भट्टी?”

“सिलिंडरवर त सैपाक होते.”

“मी बसले तरी हे रुसत नाही, मामा.”

“मिक्सर काऊन रुसन?”

मी हसले, सगळेच हसले. नंतर एकटीनं दार लावून घेतलं तेव्हा मात्र हसू आलं नाही.

माझी कला ही अशी. हैदराबादच्या लोकांना मी ती समजावून सांगते तेव्हा हात बऱ्यापैकी हलवते, म्हणून इथे जरा आवरून सांगते. ओल्या मातीवर सागाचं पान दाबून मी त्याच्या शिरा उठवते. वारुळं बघून उंच भांडी रचते, एका तोंडाला दुसरं तोंड फुटलेली. इंद्रवेल्लीच्या पुढे गोंडांच्या गावांत पितळेच्या मूर्ती ओतणारे लोक आहेत. ते मेणाच्या बारीक दोऱ्या वळून मूर्तीच्या अंगावर गुंडाळतात. तिथे कितीतरी दिवस नुसती बसून मी ते बघितलं, आणि मग मातीच्या तशाच दोऱ्या वळायला शिकले. मोर, मोहाची फुलं, दिवाळीला भिंतीवर काढतात त्या शिंगांच्या रेषा, सगळं त्या दोऱ्यांनी. आणि झिलई राखेची. पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या वाळक्या झाडाच्या राखेची. कापूस वेचून झाला की आमच्या जिल्ह्यात पऱ्हाट्यांचे डोंगर उभे राहतात. चुलीत त्याच, मामांच्या आव्यातही त्याच. ती राख धुऊन, चाळून, माती मिसळून भांड्यावर चढवली आणि मोठ्या आचेवर भाजली की ती वितळून काच होते. हिरवट, मधाळ, पावसाळ्यातल्या डबक्यासारखी. जमिनीतून उगवलेलं जळून पुन्हा जमिनीच्या अंगावर चमकतं. हे वाक्य मी प्रदर्शनात म्हटलं की लोक मान हलवतात. मामांना म्हटलं तर ते म्हणाले, “नखाले लावतेत तसलं पालिश.”

प्रत्येक भट्टी उघडली की मी एक भांडं पदराखाली घेऊन मामांकडे जायचे. दर वेळी तेच. मामा भांडं हातात घ्यायचे, फिरवायचे, तळ बघायचे, आत नाक घालायचे, आणि खाली ठेवायचे. बोट वाकवायचे नाहीत.

“वाजवा की, मामा.”

“कायले?”

“पक्कं आहे का बघा.”

“याले घाम येते का?” मामा विचारायचे. मामांच्या मडक्यांना उन्हाळ्यात घाम यायचा, म्हणून पाणी गार राहायचं. माझ्या झिलईतून पाण्याचा थेंब बाहेर येत नसे. “घाम येत नाई ते भांडं नाई. पोरखेळ हाये.”

एकदा मी चिडून म्हटलं, “तुम्ही माझी भांडी मयताची समजता काय? वाजवत का नाही?” तशी मामी सुपातलं टाकून उठली, माझ्या तोंडावर हात ठेवला आणि “असं बोलू नाई वं” म्हणत माझ्या डोक्यावरून मीठ ओवाळून टाकलं. मामा मात्र खूश झाले. माझं भांडण त्यांना आवडायचं. ते काही साधेभोळे नव्हते, उलट महा गर्विष्ठ होते. आपल्यासारखं मडकं इथून नागपूरपर्यंत कोणी करत नाही असं ते ट्रकवाल्यांना हिंदीत सांगायचे, आणि ते खोटं होतं, कारण बाजारात दुसऱ्या गावच्या कुंभाराची मडकी त्यांच्याहून सुबक यायची.

मामीचं तसं नव्हतं. तिला माझं काम फार आवडायचं. हैदराबादला जिच्या जुळ्या बहिणीपुढे लोक हात बांधून उभे राहिले होते, त्या मोरांच्या उंच बरणीत मामीनं झाडू उभा ठेवला होता. “बरोबर मावते,” ती म्हणायची. मला ती माझी सगळ्यात मोठी पावती वाटायची. पण मला पावती नको होती. मला टिचकी हवी होती.

मग फ्रीज आले. आधी आमच्या गल्लीत एक, मग घरोघरी. ढाब्यांवर प्लास्टिकचे निळे जार आले. मामांच्या अंगणातली रांग आखडत गेली. पाण्याची मडकी गेली, दह्याची गाडगी गेली, संक्रांतीची सुगडी बाहेरून टेम्पोत भरून येऊ लागली. त्यांचा मुलगा हायवेवर पंक्चरचं दुकान घालून बसला होता. त्याला मी दादा म्हणते. त्यानं चाकाला कधी हात लावला नाही, आणि लावला असता तरी काय. शेवटी शेवटी मामांकडे एकाच मडक्याचं गिऱ्हाईक उरलं. उंबऱ्याबाहेर उभं राहणारं.

“आता लोकायले मी कोनी मेल्यावरच आठवतो,” मामा म्हणाले. “मेलं कोन, आपन का ते, हे बी त्यायलेच माहीत.”

असं बोलून ते स्वतःच हसायचे आणि हसता हसता खोकायचे. खोकला लांबत गेला. आदिलाबादच्या दवाखान्यात फोटो काढला, तेव्हा आयुष्यभराचा धूर छातीत जाऊन बसल्याचं कळलं. चाकावर हात थरथरायला लागले. त्या हिवाळ्यात त्यांनी एक लहानसा आवा लावला आणि तो शेवटचा ठरला. मामीनं राख काढली तेव्हा मी घमेलं घेऊन गेले.

“राखेचं काय करतं वं?” मामी.

“पालिश,” मामाच बोलले, खाटेवरून.

थोड्या दिवसांनी मामी माझ्या गोदामात आली. तिचं तिथे येणं म्हणजे नवल. दार लोटून घेतलं, पिंपावर बसली, पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. मग म्हणाली, “कुंभाराच्या मयताले इकतचं मडकं चालत नाई. घरच्या हातचंच लागते. बुढ्याच्या बापाचं बुढ्यानंच केलं होतं.”

मी चाकाचं बटण बंद केलं.

“दादाले येत नाई. मले चाक येऊ देल्लं नाई कोनी.” तिनं माझ्याकडे बघितलं. “बुढ्याले सांगू नको. करून ठेव.”

मी बाई, शिवाय परजातीची. मिक्सरवर बसणारी. मी हे सगळं तिला सांगितलं. तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मी माती कुठली घ्यायची ते विचारलं.

आजवर मी जे काही घडवलं त्यात इतकं मन लावून काहीच केलं नव्हतं. तलावाची माती मामीनंच आणून दिली. विजेचं चाक अगदी हळू लावलं. आकार मामांचा, मानेशी ते बोटानं किंचित दाब द्यायचे तो दाबसुद्धा तिथेच. बुड चोपणीनं गोल केलं. वर पान नाही, मोर नाही, काही नाही. फक्त आतून त्यांच्या शेवटच्या आव्याच्या राखेची झिलई दिली. वरून दिसणार नाही अशी. पहिलं मडकं वाळतानाच तडकलं. दुसऱ्याला भाजताना चीर गेली. माझा जीव थाऱ्यावर राहिना. ऐन वेळी हे फुटलं तर? मामांच्या मयताला मडकंच नाही असं झालं तर? म्हणून तिसऱ्यात तलावाची माती थोडी आणि माझी दणकट माती जास्त घातली, बाजू जाड ठेवली, आणि काच बनते त्या आचेवर ते भाजून काढलं. भट्टी उघडली तर ते लालसर काळं, शांत बसलेलं. एकही चीर नाही. मला रडू आलं. इतकं पक्कं मडकं मी जन्मात केलं नव्हतं, आणि ते कोणाला दाखवायचं नव्हतं.

लपवण्यात मी कच्ची. ते वरच्या फळीवर बरण्यांच्या मागे ठेवलं. होळीच्या सुमारास मामा काठी टेकत, दर चार पावलांवर थांबत माझ्याकडे आले. घरात बसून कंटाळले होते, भांडायला आले होते. खुर्चीत बसून फळ्या न्याहाळत होते, आणि नजर वर जाऊन थांबली.

“ते काढ.”

“ते काही खास नाही, मामा.”

“काढ म्हनलं ना.”

काढलं. त्यांनी ते डाव्या तळहातावर घेतलं. वजनानं हात खाली गेला, तसं मांडीवर टेकवलं. मानेवरच्या दाबावरून अंगठा फिरवला. स्वतःचा आकार ओळखला असावा, कारण चेहरा एकदम पोरासारखा झाला. आत बघितलं.

“हे कायले केलं?”

“पाण्याला,” मी म्हटलं.

त्यांनी कान जवळ नेला. उजव्या हाताचं मधलं बोट वाकलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. बोट मडक्याच्या अगदी जवळ गेलं, आणि राहिलं. मग ते बोट हळूच सरळ झालं.

मडकं त्यांनी माझ्या हातात दिलं नाही. वाकून, खोकत, स्वतःच जमिनीवर ठेवलं.

“हे नाई वाजवत,” ते म्हणाले. मग थोड्या वेळानं, “चहा ठेव. साखर जरा जास्त टाक, तुया मामीले सांगू नको.”

आम्ही चहा प्यायलो. ते ट्रकवाल्यांच्या गोष्टी सांगत बसले. मी हसायच्या जागी हसले.

उन्हाळ्यात ते गेले. सकाळी, अंगणात खाट टाकलेली असताना. मी मडकं घेऊन गेले आणि उंबऱ्याबाहेर उभी राहिले. आत जाववेना. मामी बाहेर आली, माझ्या पायाशी ठेवलेलं मडकं तिनं उचललं आणि आत नेलं.

आमच्याकडे बायांनी नाल्याच्या अलीकडे, मोहाच्या झाडाखाली थांबायचं. पुरुष पलीकडे जातात. नाला कोरडा, मधे फक्त दगड आणि पळसाची झुडपं. सगळं दिसत नाही, पण ऐकू येतं. दादानं पाण्यानं भरलेलं मडकं खांद्यावर घेतलं आणि चितेला फेरा घालायला लागला. प्रत्येक फेऱ्याला मागून एक जण दगडानं मडक्याला भोक पाडतो, पाण्याची धार लागते. शेवटी मडकं मागे सोडायचं, ते फुटतं, आणि मुलानं मागे न बघता पुढे व्हायचं.

तो दगड मारणारा माणूस म्हणजे दादाचा मामेभाऊ. मारला त्यानं. भोक पडलं नाही.

तेव्हा मला कळलं मी काय करून बसले होते. फुटू नये म्हणून जीव टाकून मी असं मडकं केलं होतं, की ज्याचं कामच फुटायचं होतं.

पुढचं आधीच सांगून टाकते, म्हणजे मधेच तुम्हाला काळजी नको. ते मडकं अखेर कुऱ्हाडीच्या तुंब्यानं, म्हणजे मागच्या बोथट बाजूनं, फुटलं, एका म्हाताऱ्यानं फोडलं, आणि मामांचं सगळं रीतसर झालं. एक खापर मामीनं नंतर दादाकरवी मागवून मला दिलं. ते माझ्या खिडकीत आहे. आतल्या बाजूला हिरवट काच आहे, डबक्यासारखी. पण ही सगळी नंतरची गोष्ट. त्या क्षणी आम्ही बाया झाडाखाली होतो, मी मामीचा हात धरला होता, आणि मला जमिनीनं पोटात घेतलं असतं तर बरं वाटलं असतं.

दुसरा फेरा. पुन्हा दगड, पुन्हा नाही. तिसऱ्याला जरा जोरात. काही नाही. लोक कुजबुजायला लागले. कोणीतरी म्हणालं, “सोड बे खाली, फुटते.” दादानं मडकं मागे सोडलं. ते दगडांवर पडलं, पाणी सगळं सांडलं, आणि मडकं उतारावरून गडगडत, प्रत्येक दगडावर आपटत आमच्या बाजूला नाल्यात आलं. दादाला मागे बघता येईना.

“फुटलं काय?” तो पाठमोराच ओरडला.

“नाई बे. फिरून राह्यलं.”

नाल्याच्या दगडांवर ते मडकं अजून डोलत होतं आणि आपटत होतं. भद्द नाही. टण्ण. पुन्हा टण्ण. मंदिराची घंटा लांबून ऐकू यावी तसं, स्वच्छ.

मामीचा हात माझ्या हातात ताठ झाला. सकाळपासून ती रडली नव्हती. तिनं मान वाकडी करून कान दिला, अगदी मामा द्यायचे तसा. आणि सगळ्या बायांसमोर, नाल्यापलीकडच्या पुरुषांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं, ती बोलून गेली,

“वाजवलं वं पोरी! बुढ्यानं शेवटी तुयं मडकं वाजवलंच!”